गाडीचे वार

आमच्या कारखान्याचा माल ज्या मोठ्या कंपनीला जातो, तिच्याकडून दर वर्षी मार्च उलटला की एक प्रश्नावली येते. पाणी किती उपसलं, वीज किती जाळली, भंगार कुणाला विकलं, वापरलेलं तेल कुठे जातं. उत्तरं भरायची एचआरने, म्हणजे मी. जे काम कुणाचंच नसतं ते एचआरचं असतं, हा इंदूरजवळच्या पीथमपूरचा अलिखित नियम आहे. काही वर्षांपूर्वी या प्रश्नावलीत एक नवा रकाना उगवला. तुमची माणसं कामावर कशी येतात? आणि त्याच्याखाली, एकेकट्याने कार घेऊन येणं कमी व्हावं म्हणून तुमची काही योजना आहे का?

आमच्या प्लांट हेडनी ते वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, लिख दो, कार पूलिंग को प्रोत्साहन दिया जाता है." नोटीस बोर्डावर एक पोस्टर डकवलं की प्रोत्साहन दिल्यासारखं होतं. हिरवी पानं, हसरी गाडी, खाली 'पृथ्वी वाचवा'. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतंही. पण या रकान्याच्या शेपटाला पुरावा मागितला होता. योजनेची प्रत, जबाबदार व्यक्तीचं नाव, गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे. जबाबदार व्यक्ती कोण, हे सांगायला नकोच.

हे खूळ मुळात आलं कुठून, तेही सांगते. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियंत्रकाने, 2022-23 पासून बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना पर्यावरण आणि समाज यांचा अहवाल देणं सक्तीचं केलं. त्यातला कार्बनचा हिशेब तीन थरांत मांडतात. पहिल्यात कारखान्याचा स्वतःचा धूर, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात उरलेलं सगळं. या तिसऱ्या थरात आमच्यासारखे पुरवठादार येतात आणि नोकरदारांचं घर ते कारखाना हे जाणंयेणंही येतं. तिसरा थर अजून ऐच्छिक आहे, पण ज्यांची गिऱ्हाइकं परदेशात आहेत त्या कंपन्या तो मागतातच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आमचे अकाउंट्सवाले काका सुदामानगरहून गाडी काढतात त्याची नोंद कुठल्या तरी दूरच्या वार्षिक अहवालात होते. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार, तेही देणार का?"

इंदूर ते पीथमपूर म्हणजे कुठून निघता त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर. जिल्हा बदलतो, आम्ही रोज धार जिल्ह्यात जाऊन येतो. 1980 नंतर तिथे कारखाने उभे राहिले ते मुख्यतः गाड्यांचेच. ट्रक, टेम्पो, बस आणि त्यांचे सुटे भाग. गाड्या तपासायला 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅकही तिथेच झाला, 2021 मध्ये. इतक्या गाड्या जिथे जन्माला येतात तिथे पोचण्याची सोय मात्र ज्याची त्याने बघायची. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर, आमच्या वाटेपासून दूर. बीआरटीएसचा, म्हणजे बसला राखून ठेवलेला, पट्टा 2013 मध्ये मोठ्या हौसेने झाला आणि 2025 मध्ये उखडायला घेतला. तोही आमच्या कामाचा कधी नव्हताच. कामगार मंडळी बहुतेक पीथमपूर, महू, राऊ इथे खोल्या घेऊन राहतात. स्टाफ राहतो इंदुरात, कारण मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, आईवडिलांचे डॉक्टर आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याची चटक. कंपनीची एक स्टाफ बस आहे. ती महूनाक्याहून सुटते आणि राजेंद्रनगरच्या पुलावरून पुढे जाते. तिची वेळ चुकली की मोटारसायकल, नाहीतर कार.

आकडे हवे होते म्हणून गेटवरच्या गार्डला सांगितलं, गाडीच्या नंबरापुढे आत किती माणसं ते लिहीत जा. तो बुंदेलखंडाकडचा, मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहिणारा. आठवड्याने वही बघितली तर त्याने एक नवा रकाना आखला होता, 'सवारी', आणि त्यात वरपासून खालपर्यंत एक, एक, एक, एक. मधेच कुठे दोन. त्या दोनपुढे त्याने कंसात लिहिलं होतं, 'पति-पत्नी'.

हिशेब कुणालाही कळतो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, रस्त्याची गर्दी धरून लिटरला पंधरा, म्हणजे चार लिटर. इंदुरात पेट्रोल शंभरीच्या पुढे जाऊन कितीतरी दिवस झाले. रोजचे चारशेहून जास्त, महिन्याचे दहा हजार. चौघांनी एक गाडी वापरली तर माणशी अडीच. महिन्याला सात-साडेसात हजार वाचतात, आणि यात टायर, सर्व्हिसिंग, गाडीची झीज धरलेलीच नाही. आमच्याकडे इन्क्रिमेंटच्या पत्रात दोन हजारांसाठी माणसं माझ्या टेबलासमोर तास-तास बसतात. तीच माणसं महिन्याचे सात हजार सायलेन्सरमधून सोडून देत होती. का?

मी एकेकाला चहाच्या वेळी विचारत गेले. लेखी सर्व्हे केला नाही. लेखी विचारलं की माणसं शाळेतल्या निबंधासारखी उत्तरं देतात. तोंडी विचारल्यावर आधी सगळ्यांनी 'हो, चांगलंच आहे की' म्हटलं. मग हळूहळू खरं बाहेर आलं. कुणाला गर्दी नको, कुणाला गाणी आपल्या पसंतीची हवीत, कुणी सिगरेट ओढतो. पण दहातल्या आठांचं खरं कारण एकच होतं आणि ते फार मराठी होतं. (हिंदी बोलणाऱ्यांचंही तेच होतं, तेव्हा माळव्याचंच म्हणू या.) कुणाच्या मिंध्यात राहायचं नाही.

टूलरूमचे एक साहेब लोकमान्यनगरात राहतात. त्यांच्या मागच्या गल्लीत आमच्याच डिस्पॅचचा एक जण राहतो. दोघं रोज पाच मिनिटांच्या अंतराने निघतात, एकाच रस्त्याने जातात, एकाच गेटातून आत येतात. मी डिस्पॅचवाल्याला म्हटलं, "अहो, त्यांच्याबरोबर का येत नाही?" तो म्हणाला, "एकदा गेलो होतो ना. गाडी सर्व्हिसिंगला होती. उतरताना पेट्रोलचे पैसे काढले तर साहेब रागावले, 'मला काय ड्रायव्हर समजलास?' म्हणून. मग दुसऱ्या दिवशी कसं जाणार? फुकट किती दिवस बसणार माणूस?" साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तो परत आलाच नाही. मी आपणहून कसं विचारू? त्याला वाटेल, मला पैसे हवेत."

एकाने पैसे देऊ केले म्हणून अडलं आणि दुसऱ्याने घेतले नाहीत म्हणूनही अडलं. दोघंही सज्जन. दोन सज्जन माणसांच्या संकोचापायी रोज आठ लिटर पेट्रोल जळत होतं. एखादा बनेल माणूस असता तर खुशाल फुकट बसून आला असता आणि निदान चार लिटर तरी वाचलं असतं.

तेव्हा मला आजीने सांगितलेले वार आठवले. जुन्या इंदुरात, होळकरांच्या काळात, खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मुलाला रोज कुणाच्या दारात उभं राहून जेवायला मागावं लागत नसे. वार ठरलेला असे, त्या दिवशी त्याचं पान मांडलेलंच असे. त्यात उपकार नव्हता असं नाही, पण त्याची उजळणी रोज होत नसे.

ऑफिसच्या योजनेचं काम एवढंच आहे असं मला तिथे वाटलं आणि अजून वाटतं. गाडीतली जागा देणं-घेणं हा दोघांमधला उपकार राहू द्यायचा नाही, तो आस्थापनेचा कारभार करायचा. मग कुणी कुणाला विचारत नाही आणि नाही म्हणायचीही वेळ येत नाही. यादी लागते, यादीत नाव असतं, नाव असलं की पाय उचलतो.

आवाहनाने हे होत नाही याचा दाखला इंदुरातच आहे. 22 सप्टेंबर 2023 ला महापौरांच्या आवाहनावरून शहराने 'नो कार डे' पाळला. अधिकारी सायकलवर निघाले, बसमध्ये बसले, फोटो निघाले, पोहे खाल्ले गेले. दिवस चांगला गेला, मी टिंगल करत नाही. पण 23 तारखेला गाड्या होत्या तिथेच होत्या. याउलट कचऱ्याचं बघा. ओला वेगळा, सुका वेगळा करायला या शहराने शिकलं ते भाषणं ऐकून नव्हे. रोज ठरल्या वेळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली. ती ओला-सुका एकत्र असला तर घेईना, आणि उघड्यावर टाकलात तर दंड होता. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तो त्या रोजच्या गाडीच्या जोरावर. आपली माणसं वाईट नाहीत, फक्त रोज सकाळी नव्याने चांगलं वागायचं ठरवायला त्यांना वेळ नसतो.

बाहेरच्या देशांत हे प्रयोग जुने आहेत. अमेरिकेत मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीने 1973 मध्ये स्वतःच्या व्हॅन घेतल्या आणि कर्मचाऱ्यांपैकीच एकाला चालवायला दिल्या. तो शेजारपाजारच्यांना घेऊन येई. त्यात पर्यावरणाचा कळवळा काही नव्हता. गाड्या लावायला जागा पुरेना आणि कंपनीभोवतीचे रस्ते तुंबायला लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेलाची टंचाई आली आणि मग सगळ्यांनाच ती कल्पना सुचल्यासारखी झाली. 1980 च्या जनगणनेत अमेरिकेतले जवळपास 20 टक्के नोकरदार कुणाबरोबर तरी गाडी वाटून कामावर जात होते. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, घरटी गाड्या वाढल्या, आणि तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. महागाईने जुळवलेली माणसं स्वस्ताई आली की सुटतात. नुसत्या पेट्रोलच्या भावावर भिस्त ठेवू नये, हे मी त्यातून घेतलं.

मला जास्त पटली ती कॅलिफोर्नियाची गोष्ट. तिथे 1992 मध्ये एक कायदा झाला. कंपनी जर भाड्याची जागा घेऊन नोकरांच्या गाड्या फुकट लावू देत असेल, तर जो गाडी आणत नाही त्याला त्या जागेचे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या तपासून 1997 मध्ये आकडे मांडले. एकट्याने गाडी आणणारे 76 टक्के होते, ते 63 वर आले. कुणाला उपदेश केला नव्हता. फुकट वाटणाऱ्या वस्तूची किंमत फक्त दाखवून दिली होती. पार्किंग फुकट नसतंच. आपल्याकडच्या बांधकामाच्या हिशेबात उघड्यावरची एक कार, वळायच्या जागेसकट, 23 चौरस मीटर धरतात. एवढ्या जागेत लोकांनी वन-रूम-किचन थाटून मुलं मोठी केली आहेत.

आमची जमीन कंपनीच्या मालकीची, त्यामुळे रोख देण्याचा प्रश्न नव्हता. पण आमच्याकडे जमिनीपेक्षा मोलाची एक चीज आहे. सावली.

मे महिन्यात पीथमपूरला पारा बेचाळीसच्या वर जातो. झाडं नावाला. गेटच्या आत उजव्या हाताला पत्र्याची एक शेड आहे, तिच्यात थोड्याच गाड्या मावतात. बाकी सगळ्या उघड्यावर, मुरमावर. संध्याकाळी उघड्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. बेल्टचं बक्कल पोटाला चटका देतं. माणसं आधी चारी दारं उघडून बाहेर उभी राहतात आणि रुमालाने वारा घालतात, गाडीला की स्वतःला ते कळत नाही. शेडमधल्या खांबांवर ऑइल पेंटने लिहिलेलं होतं: जीएम, पर्चेस हेड, एचआर, क्वालिटी हेड. म्हणजे ज्याला स्वतःची गाडी एकट्याने आणणं सगळ्यात परवडतं, त्याला सगळ्यात थंड जागा. कंपनी बोर्डावर एक सांगत होती आणि खांबावर दुसरं.

योजनेतलं माझं पहिलं कलम तेच होतं. निम्मी शेड खांबावरच्या नावांची नाही, जी गाडी गेटवर तीन किंवा जास्त माणसं घेऊन येईल तिची. यावर जो गदारोळ झाला तो बोनसच्या वाटाघाटींतही झाला नव्हता. पर्चेसचे साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. प्लांट हेडनी मध्ये पडून सही केली, कारण गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट तोंडावर होतं. माझं स्वतःचं नाव खांबावरून आधी पुसून घेतलं होतं, त्यामुळे कुणाला बोलता आलं नाही. पेंटरने पांढरा हात फिरवला तरी 'एचआर' अजून खालून दिसतं.

एप्रिल संपेपर्यंत पर्चेसचे साहेब वैशालीनगरहून दोघांना घेऊन यायला लागले. वर ऐकवलंही, "मैं तो पहले से ही सोच रहा था."

बाकीची कलमं कामातून सुचत गेली. गट विभागवार करायचे नाहीत, वस्तीवार करायचे. स्वतःच्या साहेबाबरोबर कुणाला बसायचं नसतं. साहेबाच्या गाडीत डुलकी घेता येत नाही आणि घरी फोनवर भांडता येत नाही. मग पैशांचं. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी वार वाटून घ्यायचे आणि आपापल्या वारी आपली गाडी आणायची. नोटांचा संबंधच नाही. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने महिन्याला पेट्रोलचा वाटा द्यायचा, असं पहिल्यांदा ठरत होतं. तिथे कायदा आडवा आला.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्याला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने अ‍ॅपवरून गाड्या देणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खासगी गाडीला सवारी वाटून घ्यायची मुभा दिली. राज्याने मनाई केली नसेल तर तेव्हा शहरात दिवसाला चार फेऱ्या आणि दोन शहरांमध्ये आठवड्याला दोन चालत. आता इंदूर ते पीथमपूर म्हणजे एक शहर की दोन? जिल्हे दोन आहेत, वाहतुकीचा खोळंबा सलग एकच आहे. मी त्या वादात पडले नाही. महिन्याचा ठरलेला पैसा नको, एवढंच ठरवलं. गाडी नसलेल्यांनी टोल, चहा, पंक्चर असलं काही तरी आपणहून बघावं. ते बघतातही, कधीकधी जरा जास्तच. एका गटात इतक्या कचोऱ्या यायला लागल्या की गाडीवाल्याच्या बायकोने मला फोन केला.

विम्याचं मात्र मी कुणाचंही ऐकलं नाही. खासगी कारवर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आत बसलेल्या पाहुण्यांचं नुकसान त्यात येत नाही. पॅकेज, म्हणजे सगळं धरणारी, पॉलिसी असेल तर येतं. आणि भाडं घेतल्याचं निघालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून यादीत नाव घालण्याआधी पॉलिसीची प्रत मागितली. तेव्हा कळलं की चांगले इंजिनिअर लोकसुद्धा आपली पॉलिसी कुठली ते न बघताच एजंटला पैसे देतात. तिघांनी त्याच आठवड्यात बदलून घेतली. योजनेतून दुसरं काहीच निघालं नसतं तरी एवढं पुरलं असतं, असं मी म्हणणार होते, पण मग प्लांट हेडनी तेवढ्यावरच थांबवलं असतं.

लोकांची सगळ्यात मोठी भीती सकाळची नव्हती, संध्याकाळची होती. सकाळी कसंही जमतं. संध्याकाळी साडेपाचला निघायचं आणि सव्वापाचला गिऱ्हाइकाचा फोन आला, लाइन बंद पडली, तर? ज्याची गाडी आहे तो जाणार की थांबणार? आणि दुपारी शाळेतून फोन आला, मुलाला ताप आहे, तर? म्हणून एक कलम घातलं: यादीतल्या माणसाला कामासाठी थांबावं लागलं किंवा घरी अडचण आली, तर परतीची गाडी कंपनी देईल, टॅक्सीचं बिल कंपनी भरेल. फायनान्सने डोळे मोठे केले. "लोग रोज टॅक्सी मंगवाएँगे, मॅडम." जिथे जिथे ही सोय आहे तिथला अनुभव असा की ती फारशी वापरली जात नाही, ती आहे एवढ्यानेच माणूस निर्धास्त होतो. आमच्याकडेही तसंच झालं. महिन्याच्या चहा-बिस्किटांपेक्षा ते बिल कमी येतं.

सगळं असं छान जुळत असताना एक गोष्ट नजरेत आली आणि ती कुठल्याच पोस्टरवर नसते. यादीत नाव घालायला सगळ्यात आधी धावले ते स्टाफ बसमधले! साहजिकच आहे. बस उकडते, वळसे घेते, उभं राहावं लागतं. कारमधली जागा फुकट मिळत असेल तर कोण सोडेल? पण बसमधला माणूस कारमध्ये आला तर रस्त्यावरची एकही कार कमी होत नाही, उलट बस रिकामी पडून उद्या बंद करायची बोलणी सुरू होतात. पन्नास माणसं नेणाऱ्या बसपुढे चौघांची कार ही गरिबाघरची युक्ती आहे. म्हणून नियम केला, गाडी आणणाऱ्यांना आधी जागा, मग ज्यांच्या वस्तीला बस जात नाही त्यांना, बसवाल्यांना शेवटी. यावरून मला शिव्या बसल्या, त्या बसमधून आजही बसतात.

मोटारसायकलवाल्यांचा हिशेब तर आणखीच अडचणीचा. शंभर सीसीची मोटारसायकल लिटरला पन्नास-पंचावन्न देते. चौघांची कार माणशी हिशेबाने साठ. म्हणजे मोटारसायकल सोडून कारमध्ये आल्याने पेट्रोल जवळजवळ वाचतच नाही, आणि कार्बनच्या रकान्यात दाखवायला हातात काही येत नाही. पण त्या रस्त्यावर राऊच्या पुढे ट्रेलर कसे चालतात हे ज्याने पावसाळ्यात बघितलं आहे, त्याला विचारा. डिस्पॅचमधल्या एका मुलाची आई मला गणपतीत देवळात भेटली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तो आता गाडीत बसून जातो ना, मी सकाळी परत झोपते थोडी." प्रश्नावलीत याला जागा नाही. मी 'इतर' या रकान्यात लिहून बघितलं होतं. गिऱ्हाईक कंपनीने 'कृपया परिमाण द्या' असा शेरा मारून परत पाठवलं.

माझ्या स्वतःच्या गटात टूलरूमचे ते साहेब, अकाउंट्सचे काका, राजेंद्रनगरची क्वालिटीतली मुलगी आणि मी. मुलीच्या वडिलांनी आधी येऊन गाडी बघितली, आम्हा तिघांना बघितलं, गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला आणि मग होकार दिला. मला ते रास्तच वाटलं. बायकांच्या बाबतीत गटात दुसरी बाई असलीच पाहिजे हे कलम तिथूनच घातलं. थांबायचं तीन मिनिटं. हॉर्न नाही, फोन नाही. तीन मिनिटं झाली की गाडी निघते. कुणी रागावायचं नाही, कारण गाडी माणसाने सोडली नसून नियमाने सोडली आहे. एकदा काकाच राहिले. पुढच्या दिवशी पाच मिनिटं आधी येऊन उभे होते आणि आम्हालाच घड्याळ दाखवत होते.

राऊ येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. काकांची रामरक्षा चालू असते, ओठांतल्या ओठांत. राऊ गेलं की एसी की खिडकी हा वाद होतो, आणि मग गप्पा. फक्त माझा एक तोटा त्यांना सोसावा लागतो. एचआर गाडीत असल्यामुळे पगार, इन्क्रिमेंट, सुट्ट्या, साहेब यांतल्या कशावरच मनमोकळं बोलता येत नाही. मध्ये एकदा मुलीचा फोन वाजला, तिने नंबर बघितला आणि कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. आरशातून टूलरूमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यूचा फोन होता, हे चौघांनाही कळलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझा एक वार मी सोडून देऊन त्या दिवशी बसने जाते, त्यांना एक दिवस तरी खुशाल बोलू दे म्हणून.

गार्डच्या वहीतला रकाना आता बदलला आहे. एक-एकच्या मध्ये तीन आणि चार दिसतात. सगळ्या गाड्या भरल्या असं मुळीच नाही. ज्यांना मुलाला शाळेत सोडायचं असतं, ज्यांना रोज उशीर होतो, ज्यांना सकाळचा तो पाऊण तास एकटं राहायचंच असतं, त्यांना मी विचारत नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि काहींच्या घरची परिस्थिती बघता ती गरजही आहे.

वहीत एक 'एक' मात्र रोज दिसतो, तो प्लांट हेडांचा. ते विजयनगरच्या बाजूने येतात, मोठी गाडी, सात सीटांची, आत ते एकटे. परवा केबिनमध्ये बोलावून त्यांनी जरा इकडेतिकडे बघत विचारलं, "मेरे रूट पे कोई नहीं है क्या, मॅडम?" आहेत. पाच जण आहेत. पाचांनाही मी विचारलं होतं आणि पाचांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या होत्या. एकाने तर नसलेल्या सासूचं आजारपण सांगितलं. प्लांट हेडना म्हटलं, "देखती हूँ, सर."

मग पुन्हा फिरून आले. मेंटेनन्समधल्या नव्या मुलाने जरा विचार करून विचारलं, "फक्त बुधवार चालेल का? आणि मागच्या सीटवर?" त्याला बुधवार दिला आहे. त्याचं बघून आणखी एक जण शुक्रवारला तयार झालाय. तिसरा मिळेपर्यंत त्यांची गाडी उघड्यावरच लागेल, कारण शेडला तीन लागतात. आत बसणारे कोण, हे नियमाला माहीत नसतं.